प्रो रेसलिंगची छोटी कंपनी नेमकी कुठे बुडते: नाशिकमध्ये शो लावण्याआधी करायचा हिशेब

प्रो रेसलिंगची, म्हणजे ठरलेल्या निकालाच्या मॅचचे शो करणारी छोटी, स्वतंत्र कंपनी प्रेक्षकांअभावी क्वचितच बंद पडते. पहिल्या शोला मित्रमंडळी येतात, जिममधली पोरं येतात, टीव्हीवर रेसलिंग बघत वाढलेली कॉलेजची मुलं येतात. हॉल भरतो, फोटो झकास निघतात, आणि महिन्याभराने लाइटवाल्याचं बिल तसंच पडलेलं असतं. हॉल भरला तरी पैसे फिटणार नाहीत, असंच अंदाजपत्रक मुळात बनलेलं असतं आणि शोच्या आधी ते कुणी कागदावर मांडलेलं नसतं. म्हणून नाव, लोगो, बेल्ट, पोस्टर हे सगळं बाजूला ठेवा आणि पहिला दिवस फक्त हिशेबाला द्या.

आधी कागद

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. कोटेशनं हातात आली की तुमचे आकडे बसवा, पण एकही ओळ गाळू नका.

समजा, सहाशे खुर्च्यांचा हॉल घेतला. भाडं ४५,०००. रिंगची वाहतूक आणि जोडणी १८,०००. लाइट-साउंड ४०,०००. चौदा रेसलर, सरासरी ३,००० प्रमाणे ४२,०००. त्यांचा प्रवास, मुक्काम, जेवण ३०,०००. रेफरी, निवेदक, घंटेवर बसणारा मिळून ९,०००. अँब्युलन्स आणि डॉक्टर १०,०००. बंदोबस्ताची माणसं १२,०००. परवानग्या, संगीताचे परवाने, विमा २५,०००. प्रसिद्धी २५,०००. शूटिंग २०,०००. बेरीज झाली २,७६,०००. त्यावर दहा टक्के अचानक खर्चासाठी, म्हणजे ३,०३,६००.

आता आवक. रिंगलगतच्या शंभर खुर्च्या ५०० रुपयांना, उरलेल्या पाचशे २५० ला. एकही खुर्ची रिकामी नाही, एकही पास फुकट नाही असं धरलं तरी हाती १,७५,००० येतात. म्हणजे हाउसफुल्ल होऊनही सव्वा लाखाच्या वर तोटा. यात रिंग बनवण्याचा खर्च अजून धरलेलाच नाही.

इथे बहुतेक जण म्हणतात, "बाकीचं स्पॉन्सर देईल." स्पॉन्सर देईलही, पण कंपनी त्याच्या मर्जीवर उभी राहते आणि तिसऱ्या शोला त्याचा उत्साह संपलेला असतो. खरा नियम एकच आणि तो कडक आहे: निम्म्या खुर्च्या भरल्या तरी शो फिटला पाहिजे. फिटत नसेल तर शो जाहीर करायचा नाही.

तो कसा फिटवायचा? हॉल लहान घ्या आणि एका जोडणीवर दोन शो करा, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी. तीनशे खुर्च्या, दहा रेसलर, साधे दिवे, स्थानिक माणसं एवढ्यावर पहिला शो १,१५,००० च्या आसपास बसवता येतो. दहा टक्के धरून १,२६,५००. रिंग उभी आहे, लाइट टांगलेले आहेत, त्यामुळे दुसऱ्या शोचा वाढीव खर्च साधारण ४०,०००. एकूण १,६६,५००. तिकिटं ५०० ची साठ आणि २५० ची दोनशे चाळीस, म्हणजे पूर्ण घर ९०,०००. दोन्ही शोंना निम्मं घर धरलं तर ९०,०००, दोन-तीन स्थानिक स्पॉन्सर मिळून ६०,०००, टी-शर्ट आणि खाण्याच्या स्टॉलचे २०,०००. झाले १,७०,०००. नफा नगण्य आहे, पण हा शो कंपनीला खाली ओढत नाही. निम्म्याच्या वर विकलेली प्रत्येक खुर्ची तुमची.

तिकिटाचा दर ५०० च्या वर नेण्याआधी एक गोष्ट तपासा. प्रतिव्यक्ती ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशशुल्काला जीएसटीतून सूट आहे. त्यावर गेलात की १८ टक्के लागतो. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि ६०० चं तिकीट करासकट विकलं, तर तुमच्या हाती ५०८ रुपये उरतात. आठ रुपयांसाठी गिऱ्हाइकाकडून शंभर जास्त घेऊ नका.

रिंग: सगळ्यात मोठी खरेदी, आणि तिथेच पहिली चूक

बॉक्सिंगची रिंग भाड्याने आणून काम भागेल असं वाटतं, पण भागत नाही. बॉक्सिंगच्या रिंगला चार दोर असतात, ते पळत येऊन आदळणाऱ्या अंगाचा भार झेलण्यासाठी ताणलेले नसतात आणि खालची जमीन पाठीवर पडण्यासाठी केलेली नसते. प्रो रेसलिंगच्या रिंगला तीन दोर, आणि तळ असा की पडल्यावर थोडा दबला पाहिजे. पाठ, मान आणि गुडघे यांवर कंपनीचा पैसा उभा असतो. तळ कडक असेल तर सहा महिन्यांत अर्धं कार्ड, म्हणजे शोच्या यादीतले अर्धे रेसलर, जायबंदी होतं.

१८ बाय १८ फुटांची रिंग छोट्या कंपनीला योग्य. २० फुटी रिंग दिसायला रुबाबदार, पण वाहतूक आणि हॉल दोन्ही महाग करते. अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत चांगले फॅब्रिकेटर आहेत. त्यांना फोटो दाखवून "असं बनवा" म्हणू नका, मापं द्या. १८ फुटी बीम सलग ठेवला तर तो छोट्या टेम्पोत बसत नाही आणि प्रत्येक शोला मोठी गाडी करावी लागते. बीम नऊ-नऊ फुटांच्या दोन तुकड्यांत करा, जोड बोल्टचा ठेवा आणि प्रत्येक जोडाखाली पाय द्या, कारण ढिला जोड नेमका मधोमध खचतो. ऑर्डर देण्याआधी तुम्ही नेहमी बोलावणार त्या टेम्पोचा हौदा टेप लावून मोजा. कुठलाही सुटा भाग दोन माणसांनी उचलता आला पाहिजे.

वर १८ मिलिमीटरचं प्लायवुड. ८ बाय ४ च्या शीटने हिशेब दहाच्या थोडा वर जातो. कोपऱ्यांची कापाकापी धरून बारा शीट घ्या. एकेक शीट तीस-पस्तीस किलोचं असतं, तेव्हा चारशे किलो वजन नुसत्या प्लायचं झालं. त्यावर एक ते दीड इंच दाट फोम, त्यावर घट्ट ताणून फ्रेमखाली बांधलेला कॅनव्हास. चार खांब, तीन दोर, बारा टर्नबकल (दोर खांबाला ताणून धरणारे स्क्रू) आणि त्यांना बारा गाद्या. दोर ताणले की खांब आत झुकू पाहतात. खांबाचा पाया फ्रेमला पक्का जखडलेला नसेल तर दुसऱ्याच मॅचला वरचा दोर लोंबतो आणि त्यावर चढणारा माणूस खाली येतो. घंटा वाजण्याआधी आणि मध्यंतरात बाराच्या बारा टर्नबकल हाताने तपासायची जबाबदारी एका ठरलेल्या माणसाकडे द्या. "कुणीतरी बघेल" यावर सोडू नका.

बोल्ट एकाच मापाचे ठेवा आणि पाव डझन जास्त ठेवा. हरवलेला एक बोल्ट शोधण्यात शो तासभर उशिरा सुरू होतो, आणि तो तास शेवटी मेन इव्हेंटमधून, म्हणजे शेवटच्या मुख्य मॅचमधून, कापला जातो. पावसाळ्यात प्लाय जमिनीवर आडवं ठेवलं की फुगतं. विटांवर लाकडी पट्ट्या टाकून उभं ठेवा.

रिंग रोज कमावते की गोदामात पडून राहते

महिन्यात एकदा शो केला तर रिंग बाकी एकोणतीस दिवस भाडं खात पडून असते. टिकलेल्या बऱ्याच स्वतंत्र कंपन्यांचं मूळ शोमध्ये नसून प्रशिक्षणात असतं. जालंधरला दलीपसिंह राणा, म्हणजे द ग्रेट खली, यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या संस्थेचा पायासुद्धा अकादमीचाच आहे.

नाशिकमध्ये यासाठी औद्योगिक वसाहतीतली छोटी शेड सोयीची, कारण तिथे छताला उंची मिळते. ही उंची विसरू नका. रिंगचा चौथरा साडेतीन फूट, वरचा टर्नबकल त्याच्या वर सुमारे साडेचार फूट, त्यावर सहा फुटी माणूस उभा: झाले चौदा. पंखे, ट्यूब आणि बीम यांच्याखाली सोळा फूट मोकळे हवेत. दर महिना २,००० रुपये देणारी पंधरा मुलं जमली तर ३०,००० येतात आणि शेडचं भाडं निघून प्रशिक्षकाला काही देता येतं. पहिले तीन महिने फक्त पडायला शिकवा: हनुवटी छातीला, पाठ सपाट, हात बाजूला आपटून. फी भरली म्हणून कुणालाही कार्डवर घ्यायचं नाही, हे प्रवेश अर्जावरच छापा. हा एक नियम सैल सोडला की अर्धवट शिकलेली मुलं प्रेक्षकांसमोर येतात, आणि ते प्रेक्षक परत येत नाहीत.

सुपारी घ्या

तमाशा आणि ऑर्केस्ट्रा पिढ्यान्‌पिढ्या याच तत्त्वावर जगले आहेत: तिकीटविक्रीची जोखीम आयोजकाची, कलाकारांना ठरलेली रक्कम, म्हणजेच सुपारी. प्रो रेसलिंगलाही हेच तारतं. कॉलेजची गॅदरिंग, गणेश मंडळ, शिवजयंती, कारखान्याचा फॅमिली डे, नव्या मॉलचं उद्घाटन, निफाड-सिन्नर-दिंडोरीकडच्या यात्रा. स्वतःच्या एका तिकीट-शोमागे तीन ते चार सुपाऱ्या असं प्रमाण ठेवता आलं तर कंपनी श्वास घेऊ शकते.

सुपारीचा दर काढताना प्रत्यक्ष खर्चावर किमान तीस टक्के घ्या. निम्मी रक्कम तारीख पक्की करताना, उरलेली पहिल्या घंटेआधी. "कार्यक्रम झाला की देतो" हे ऐकून रिंग उतरवू नका. आयोजकाने काय द्यायचं ते लिहून घ्या: किमान ३६ बाय ३६ फुटांची सपाट जागा, जनरेटर, रिंगच्या कडेपासून आठ फुटांवर बॅरिकेड, कपडे बदलायला बंद खोली, पिण्याचं पाणी. यात्रेत कुस्त्यांचा फड असेल तर तुमचा शो आदल्या संध्याकाळी घ्या. निकाली कुस्ती बघायला आलेल्या माणसाला ठरलेल्या निकालाची मॅच दाखवली तर तो चिडतो, आणि त्याचं चिडणं योग्यच आहे.

याच कारणासाठी पोस्टरवर "कुस्ती" असं लिहू नका, "प्रो रेसलिंग शो" लिहा. हर्षवर्धन सदगीर यांनी २०२० मध्ये नाशिकसाठी महाराष्ट्र केसरीची गदा आणलेली आहे. इथल्या लोकांना खरी कुस्ती कळते. ठरलेल्या निकालावर इनाम जाहीर करणं म्हणजे फसवणूक. आणि पोस्टरवर डब्ल्यूडब्ल्यूई या बड्या अमेरिकी रेसलिंग कंपनीचं नाव, लोगो किंवा त्यांच्या बेल्टची नक्कल टाकलीत तर ट्रेडमार्कची नोटीस यायला वेळ लागत नाही.

जागा आणि तारीख

नाट्यगृह टाळा. कालिदास कलामंदिरासारख्या ठिकाणी प्रेक्षक एकाच बाजूला बसतात, रिंग रंगमंचावर चढवावी लागते आणि चारही बाजूंनी उठणारा आवाज, जो या खेळाचा प्राण आहे, तो मिळत नाही. क्रीडा संकुलाचा इनडोअर हॉल चांगला, पण लाकडी फ्लोअर असेल तर रिंगच्या प्रत्येक पायाखाली प्लायचा दोन फुटी चौकोन आणि रबर टाका; नाहीतर अनामत रक्कम ओरखड्यांच्या भरपाईत जाते.

नाशिककरांच्या हाताशी असलेली पण फारशी न वापरलेली सोय म्हणजे लॉन्स. गंगापूर रोड, मखमलाबाद, पाथर्डी फाटा या भागांत ते भरपूर आहेत आणि लग्नाच्या तारखांना परवडत नाहीत. पण पौषात, म्हणजे साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीत, मुहूर्त जवळपास नसतात. हवा कोरडी, लॉन्स रिकामे, मालक भावात बोलायला तयार. थंडी बोचते, म्हणून शो पाचला सुरू करून आठच्या आत संपवा. जून ते सप्टेंबर उघड्यावर काहीही ठरवू नका. ओल्या कॅनव्हासवर माणूस घसरतोच. दहावी-बारावीच्या परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च सोडा. २०२७ च्या सिंहस्थात मुख्य स्नानांच्या आसपास पोलिस बंदोबस्त, हॉटेलं आणि रस्ते सगळं त्यातच गुंतलेलं असेल. तो काळ प्रशिक्षणाला द्या.

शहरात पोलिस आयुक्तालयाची परवानगी, लाउडस्पीकरची परवानगी, अग्निशमनचा दाखला, महापालिकेची जागा असेल तर तिचा परवाना. फ्लेक्स लावायचे तर त्याची वेगळी परवानगी. तीस दिवस आधी अर्ज टाका. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद, याला वळसा नाही. इथे शो मारणारी गोष्ट असते सत्कार समारंभ. प्रमुख पाहुणे उशिरा येतात, शाल-श्रीफळ आणि भाषणं यांत पाऊण तास जातो, आणि ज्या मॅचसाठी लोकांनी पैसे दिले ती घाईत उरकावी लागते. शो वेळेवर सुरू करा, पाहुणे आले की दुसऱ्या मॅचनंतर पाच मिनिटांत सत्कार, भाषण नाही. निमंत्रण देतानाच हे सांगा; बहुतेक जण मान्य करतात.

पास हाही नाशिकचाच नव्हे, सगळ्या महाराष्ट्राचा आजार. क्रमांक छापलेले पास एकूण खुर्च्यांच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि ते एकाच माणसाच्या हातात. फुकट बसणारा पुढच्या वेळीही फुकटच मागतो.

मोठं नाव आणण्याचा मोह

टीव्हीवरचा एखादा जुना स्टार आणला की गर्दी होईल, हे खरं आहे. पण मानधन, विमानाचं तिकीट, हॉटेल, सोबतचा माणूस हे सगळं आगाऊ द्यावं लागतं, परदेशी असेल तर पर्यटक व्हिसावर त्याला पैसे घेऊन काम करता येत नाही, आणि त्याच्यासाठी आलेली गर्दी तुमच्या पोरांची नावं न विचारताच घरी जाते. पुढच्या शोला तो नसतो, गर्दीही नसते.

हा रोग छोट्यांपुरता नाही. अमेरिकेतली डब्ल्यूसीडब्ल्यू ही रेसलिंग कंपनी एका काळी सगळ्यांच्या पुढे होती. अवाढव्य मानधनाचे करार आणि घटते प्रेक्षक यांत सापडून मार्च २००१ मध्ये ती प्रतिस्पर्ध्यालाच विकली गेली. पुढच्याच महिन्यात तिथल्याच ईसीडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे प्रेक्षक निष्ठावान होते, पण टीव्हीचा करार हातातून गेला, येणं अडकलं आणि रेसलरांची देणी थकली. आपल्याकडे पुण्याच्या बालेवाडीत चित्रित झालेली 'रिंग का किंग' ही रेसलिंगची मालिका २०१२ मध्ये मोठ्या वाहिनीवर, परदेशी कंपनीच्या पाठबळाने आली आणि एकाच पर्वानंतर थांबली. वाहिनीच्या पैशावर उभा असलेला डोलारा वाहिनीने हात काढला की उरत नाही. तुमच्या बाबतीत वाहिनीच्या जागी एकच एक स्पॉन्सर असतो, एवढाच फरक.

त्यापेक्षा नाशिक रोड विरुद्ध पंचवटी अशी स्थानिक चुरस तीन शोंमध्ये वाढवा. सहा ते सात मॅच, दोन तास, आणि शेवटच्या मॅचमध्ये पुढच्या शोचं कारण पेरलेलं. तिसऱ्या शोचं तिकीट दुसऱ्या शोच्या दारातच विकायला ठेवा.

पैसा येण्याआधी जातो

कागदावर नफ्यात असलेली कंपनीही रोख रकमेअभावी बुडते. हॉलची अनामत महिनाभर आधी जाते, रेसलरांना त्याच रात्री द्यायचं असतं, तिकीट अॅपचे पैसे शोनंतर येतात, स्पॉन्सरचा चेक दोन-तीन महिन्यांनी. म्हणून एका पूर्ण शोचा खर्च वेगळ्या खात्यात पडलेला नसेल तर तारीख जाहीर करू नका. स्पॉन्सरचं नाव फ्लेक्सवर चढण्याआधी निम्मी रक्कम खात्यात यायला हवी. रोख न देणाऱ्याकडून वस्तू घ्या: हॉटेलवाल्याकडून खोल्या, पाण्याच्या कंपनीकडून बाटल्या, तेवढा खर्च खरोखर वाचतो.

विम्यात घोटाळा हमखास होतो. साध्या वैयक्तिक अपघात विम्यात धोकादायक खेळ वगळलेले असू शकतात. एजंटला कामाचं स्वरूप लेखी कळवा, संरक्षण आहे की नाही याचं उत्तर लेखी घ्या. प्रेक्षकांसाठी सार्वजनिक दायित्व विमा वेगळा. १०८ ची अँब्युलन्स शोसाठी बुक होत नाही, खासगी अँब्युलन्स दाराशी उभी ठेवा आणि ती निघून गेली तर दुसरी येईपर्यंत मॅच थांबवा.

एन्ट्रीला सिनेमाची गाणी लावलीत तर परवाना शुल्क लागतंच, शिवाय यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओचं उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतं. एखाद्या स्थानिक संगीतकाराकडून हलगी आणि ढोल घेऊन प्रत्येक रेसलरसाठी तीस-चाळीस सेकंदांची धून बनवून घ्या, एकरकमी पैसे द्या, हक्काचा कागद करा.

भागीदारीचाही कागद हवा. रिंग कुणाच्या नावावर, व्हिडिओ कुणाचे, पात्रांची नावं कुणाची, एक जण बाहेर पडला तर काय. रिंग एकाच्या नावावर आणि तोच रुसला, की त्या दिवशी कंपनी संपते.

कधी थांबायचं

तीन तिकीट-शो हा पुरेसा कस आहे. तिन्हींना निम्मं घरही भरलं नाही, किंवा भरूनही खर्च निघाला नाही, तर चौथा शो लावू नका; फक्त प्रशिक्षण आणि सुपाऱ्या चालू ठेवा. सहा महिन्यांत तेही शेडचं भाडं काढत नसतील तर बंद करण्याची तयारी करा. आधी रेसलरांचे आणि रिंग जोडणाऱ्या पोरांचे पैसे चुकते करा, मग लाइट-साउंड, मग बाकीचे. विकलेल्या आगाऊ तिकिटांचे पैसे परत करा. रिंग भंगारात घालू नका. मिक्स मार्शल आर्ट्सची जिम, दुसऱ्या शहरातली रेसलिंग शाळा किंवा सिनेमा-मालिकांना सेट पुरवणारे यांना विचारा, आणि विकताना प्रत्येक जोडाचा क्रमांक रंगवलेला असेल आणि जोडणीचा नकाशा सोबत असेल, तर भाव बराच चांगला मिळतो.